तीन बाहेर, दोन आत

गुणवंतकाकांच्या लॅबच्या दारात एक नियम होता आणि तो पाळून घ्यायला काका स्वतः उभे असत. आतून तीन माणसं बाहेर आली की बाहेरची दोन आत जायची. दोनच बाहेर आली तर कोणीच आत जायचं नाही, तिसऱ्याची वाट बघायची. एकदा कुठल्याशा गावचे सरपंच रक्त तपासायला आले होते. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आत तं खुर्च्या रिकाम्या दिसून राह्यल्या." काका म्हणाले, "असू द्या रिकाम्या. तीन बाहेर, दोन आत. हे मी नाई ठरवलं. तुमच्या आंगातल्या येकयेक पेशीत हेच चालू हाय, तिथं तुमी काही म्हनत नाई." सरपंचांनी स्वतःच्या अंगाकडे एकदा संशयानं पाहिलं आणि गुपचूप बाकावर जाऊन बसले.

वाशीमच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत काकांचं घर होतं. पुढची खोली लॅब, मधली देवघर आणि झोपायची, मागची स्वयंपाकघर. आता तीन बाहेर आणि दोन आत या हिशेबानं दुपारपर्यंत लॅब ओस पडायला हवी, हे चौथीतलं पोरही सांगेल. ती कधी ओस पडत नसे, कारण मागचं दार सुमनकाकूंच्या ताब्यात होतं. ज्याला उन्हात उभं राहवत नसे, जिच्या कडेवर तान्हं असे, ज्याची बस सुटत असे, तो गल्लीला वळसा घालून मागून स्वयंपाकघरात यायचा. काकू त्याला पाणी द्यायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि मधल्या खोलीतून हळूच लॅबच्या खुर्चीवर नेऊन बसवायच्या. काकांना हे माहीत होतं. ते मान वळवून बघायचेही नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आठवीत होते. आम्ही अनसिंगचे. आईला चक्कर यायची म्हणून तिला घेऊन आले होते. बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा. टेबलावर लाकडी चौकटीची शाळकरी पाटी. सुई हातात घेण्याआधी काकांनी आईला विचारलं, "काल सकाळपासून काय काय जेवल्या? लाजू नका, समदं सांगा." हा त्यांचा दुसरा रिवाज. माणूस काय जेवला, किती पाणी प्यायला, उन्हात राबला की सावलीत बसला हे ऐकून घ्यायचं, त्याच्या जिभेकडे आणि पायाच्या घोट्याकडे बघायचं, आणि रक्त मशीनमध्ये घालण्याआधी पाटीवर आकडा लिहून ठेवायचा. सोडियम इतकं, पोटॅशियम इतकं. मग मशीनचा आकडा आला की शेजारी तो लिहायचा. बरोबर आला तर पाटी पुसायचे. चुकला तर पाटी दिवसभर तशीच टेबलावर ठेवायचे आणि येताजाता तिच्याकडे अपराध्यासारखं बघायचे. "पाटी माह्यासाठी, कागद डॉक्टरसाठी," असं ते म्हणत. पाटीवरचा आकडा त्यांनी कागदावर कधीही चढवला नाही.

आईनं काल काय जेवली ते सांगितलं. मग परवाचं सांगितलं, तेरवाचं सांगितलं, आणि ओघात मागच्या वर्षी याच दिवशी कोणाच्या लग्नात काय वाढलं होतं तेही सांगून टाकलं. आमच्या भावकीत कोणाचं लग्न कोणत्या तिथीला झालं, कोणी कोणाला कोणत्या रंगाचं लुगडं नेसवलं, हे आईला विचारून ठरायचं. तिच्या डोक्यात सगळं घडी घालून ठेवलेलं असे. काका खडू हातात धरून ऐकतच राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, तुमाले पाटी नाई लागत. तुमी सोताच पाटी हाय."

मी टेबलाजवळ घुटमळत होते. काकांनी मला विचारलं, "सोडियम पाह्यलं काय कधी?" मी नाही म्हटलं. तेव्हा ते मला काकूंच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले, गॅस पेटवला आणि तारेच्या टोकावर चिमूटभर ओलं मीठ घेऊन ज्योतीत धरलं. निळी ज्योत एकदम झेंडूसारखी पिवळी झाली. "हे सोडियम. मिठातलं. पह्यले आमच्या मशीनमंदी अशीच ज्योत असाये. पिवळा रंग किती गडद, त्याच्यावरून रक्तातलं सोडियम मोजाचं. पोटॅशियमचा रंग जांभळा, पन थो लाजरा. त्याले पाहाले निळी काच लागते." मग निळी काचही आली, दुसरी पूडही आली, आणि काकू कंटाळून म्हणाल्या, "पोरीले जांभळं दाखवून झालं असन तं गॅस खाली करा, माह्यं वरण व्हयाचं हाय." माझ्या आयुष्याची दिशा त्या दिवशी त्या गॅसच्या शेगडीवर ठरली, असं मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना विनोद वाटतो. तो विनोद नाही.

अकरावीत जीवशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर पेशीचं पटल काढलं. त्यात एक पंप असतो, तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, असं ते म्हणाले आणि मला मोठ्यानं हसू आलं. मला बाकावर उभं केलं गेलं. शनिवारी सकाळच्या बसनं मी वाशीमला गेले आणि काकांना म्हटलं, "काका, तुमचा नियम पुस्तकात छापून आला आहे."

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी दारावरची ड्यूटी सोडली. मला खुर्चीवर बसवून त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे एम.एस्सी.लाही तितकं नीट शिकले नाही. पटलाला ते पापुद्रा म्हणत. भाकरीवर धरतो तसा, पण तेलाचा. मीठ विरघळलं की त्याचे कण भारलेले असतात, त्यांना तेलातून जाता येत नाही, म्हणून पापुद्र्यात दारं केलेली असतात. "सोडियमले बाहेर ठेवाचं, पोटॅशियमले आत. पंप हे काम जलमभर करते. कायले? तं मज्जापेशीले खबर द्याची असली की येक दार उघडते, बाहेर तुंबलेलं सोडियम भडभड आत घुसते, अन् थेच खबर पुढे पळते. तुले चिमटा घेतला अन् तू वरडली, म्हनजे सोडियम आत गेलं. बाहेर तुंबलंच नसतं तं काय पळालं असतं?"

मी विचारलं, "पण पंप सारखा चालतो तर एक दिवस सगळं सोडियम बाहेर जाऊन काम संपत कसं नाही?"

काका काही बोलायच्या आत मधल्या खोलीच्या दारातून काकू दोन कप चहा आणि एक म्हातारे गृहस्थ घेऊन आल्या. म्हाताऱ्यांना त्यांनी खुर्चीवर बसवलं. काका माझ्याकडे बघून नुसते हसले. "पापुद्र्याले गळती असते. थोडं थोडं मांगून आत येतच राह्यते." काकू कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमचा पंप चालते थो माह्या दारामुळं." काका म्हणाले, "खरं हाय. गळती पाहिजे. गळती नसन तं पंप कायले?" त्या दोघांच्या संसाराचं याहून नेमकं वर्णन मला आजवर सुचलेलं नाही.

काकांच्या लॅबमध्ये आसपासच्या गावांहून रक्ताच्या नळ्या येत. कोणी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, कोणी मोटरसायकलच्या डिकीत टाकून आणायचा. "रक्त हलवू नका, थे ताक नाई," हे काकांचं वाक्य जिल्ह्यातल्या निम्म्या कंपाउंडरांना पाठ होतं. एकदा कारंज्याहून एका माणसाची नळी आली. तपासली तर पोटॅशियम एवढं वर की माणसाचं हृदय कोणत्याही क्षणी थांबावं. त्याचे घरचे नळीच्या मागोमाग जीप करून आलेले, बायका गल्लीतच रडायला लागल्या, कोणी नागपूरला फोन लावला. काकांनी नळी हातात घेऊन तिला गालाला लावलं आणि आणणाऱ्या पोरसवदा कंपाउंडरला शांतपणे विचारलं, "बर्फात ठेवली होती काय रे?" तो अभिमानानं म्हणाला, "हो काका. रक्त ताजं राहावं म्हनून कुल्फीवाल्याच्या पेटीत ठेवून आनली. चार तास."

काका खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग सगळ्यांना समजावून सांगितलं की थंडीत पंप झोपतो. पंप झोपला की पेशीच्या आतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. "हे पोटॅशियम या मानसाचं नाई, हे कुल्फीवाल्याचं हाय. मानूस कुठं हाय?" त्याच जीपमधून आलेला माणूस समोरच्या हॉटेलात भजी खात होता. त्याला काहीच झालं नव्हतं. त्याचं रक्त नव्यानं घेतलं, पाटीवर आकडा लिहिला, मशीनचा आकडा जुळला, आणि उरलेली भजी सगळ्यांनी मिळून खाल्ली.

पुढे मी पुण्याला गेले आणि संशोधनाला लागले. विषय तोच, मज्जापेशीचं पटल. फक्त माझ्या वाट्याला सोडियमच्या जोडीला अमिनो आम्लंही आली. दर दिवाळीला घरी आले की काकांकडे जायचं आणि वर्षभरात काय केलं ते सांगायचं, हा शिरस्ता पडला. ते मला "पापुद्र्याची डॉक्टर" म्हणत. एका दिवाळीला मी त्यांना ग्लुटामेटची गोष्ट सांगितली. मज्जापेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा मधल्या फटीत ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल सोडतात. बोलणं झालं की ते लगेच उचलावं लागतं, नाहीतर शेजारच्या पेशी ओरडून ओरडून मरतील. पण पेशीच्या आत त्याची आधीच गर्दी असते, तेव्हा ते आपलं आपण आत जाईल कशाला? म्हणून पटलात एक वाहक असतो. तीन सोडियम आत शिरायला धडपडत असतात, त्यांच्यासोबत हायड्रोजनचा एक कण असतो, त्यांच्या रेट्यानं ग्लुटामेटही आत ओढलं जातं. मग एक पोटॅशियम बाहेर जातं आणि वाहक पुन्हा कामाला तयार.

काकांनी करंजी खाली ठेवली. बराच वेळ ते पाटीवर काहीतरी बाण काढत बसले. "म्हनजे पंपानं सोडियम बाहेर काढून ठेवलं, म्हनून थे आत याले धडपडते. अन् त्याच्या धडपडीवर हे तुह्यं अमिनो आम्ल फुकटात आत जाते."

"फुकटात म्हणायला," मी म्हटलं.

"हा. फुकटात नाई. त्याचं मोल पंपानं पह्यलेच दिलं." मग ते आत ओरडले, "ऐकलं काय व? येक जन दारात उभा राहून तेच तेच काम करते, म्हनून बाकीच्याइचं लगन लागते." काकू आतून म्हणाल्या, "थे मले कोनी सांगाची गरज हाय काय?"

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येते. एका मे महिन्यात दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "आई वेगळंच बोलून राह्यली. तू ये." मी पोचले तर आई ओट्यावर बसली होती. तिनं मला पाहिलं आणि "शकू, कवा आली?" असं विचारलं. शकू म्हणजे तिची धाकटी बहीण. ती जाऊन सतरा वर्षं झाली होती. आईच्या पायांत चपला उलट्या होत्या. चालताना ती भिंत धरत होती. मी तिला सहज म्हणून दादाच्या लग्नाची तिथी विचारली, तर ती माझ्याकडे बघून भाबडं हसली आणि म्हणाली, "कोनाचं लगन?"

ते हसू मी विसरू शकत नाही. जिच्या डोक्यात अख्ख्या भावकीची वही होती तिची पानं कोरी झाली होती. मी घाबरले. आणि घाबरलेला शिकलेला माणूस जे करतो ते केलं. मोठमोठे लेख वाचले, विस्मरणाचा आजार असं मनाशी पक्कं केलं, नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. लेखात लिहिलं होतं की अशा माणसासाठी घरातल्या वस्तूंवर नावं लिहावीत. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवत गेले. साखर, चहा, हळद, डाळ. शेवटी "मीठ" लिहिलेली चिठ्ठी हातात उरली. डबा सापडेना. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मीठ नाई ना ताई घरात." माझं लक्ष भलतीकडेच, घास अळणी आहे हेही तेव्हा जिभेला कळत नव्हतं. मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि विसरून गेले. आयुष्यभर सोडियमवर काम करणारी बाई मिठाची चिठ्ठी पर्समध्ये घालून फिरत होती, याहून मोठा मूर्खपणा मी केलेला नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी साध्या तपासण्या करून आणायला सांगितल्या होत्या. दादा म्हणाला, त्या तिकडेच मोठ्या लॅबमध्ये करू. मी म्हटलं, काकांकडे करू. दारात काका उभे होते. त्यांनी आईकडे पाहिलं, आईनं त्यांना ओळखलं नाही, आणि काकांच्या तोंडावरचं हसू गेलं. नियमाप्रमाणे तीन बाहेर आले, आम्ही दोघी आत गेलो, दादा बाहेर राहिला.

"बाई, काल काय जेवल्या?" काकांनी विचारलं.

"पुरनपोळी," आई म्हणाली. "शकूच्या लगनात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, वरण, भात, भाकरी, दुधीची भाजी. पाणी? ऊन फार, पाणी भरपूर पिते. गोळ्या? रक्तदाबाची एक, तीन महिन्यांपासून. काका खडू पाटीजवळ नेत आणि मागे घेत. त्यांना काहीतरी जुळत नव्हतं. ते आईच्या घोट्याकडे बघत होते, जिभेकडे बघत होते.

तेवढ्यात मधल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. दादा उन्हाला कंटाळून मागच्या दारानं आत गेला होता आणि काकूंनी त्याच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली होती. "अहो, हे भाऊ पोहे नाई म्हनतात. यायच्या घरी मीठ बंद हाय म्हने. चाळीस दिवस झाले. लहान लेकरंबी अळणीच जेवून राह्यले."

काका उठून आत गेले. मी त्यांच्या मागे. दादानं अगदी भाविकपणे सांगितलं, "डॉक्टरनं आईले मीठ कमी कराले सांगतलं होतं. घरात डोळ्यापुढं असन तं तिले खाव वाटन, म्हनून मी समद्याइले अळणी व्रत घेवाले लावलं. लोनचं, पापड, सांडगे, समदं वाटून टाकलं. गावातल्या बायका आमचं कवतिक करून राह्यल्या." आईवरच्या प्रेमापायी त्यानं सहा माणसांच्या जिभेच्या चवीवर पाणी सोडलं होतं.

"कमी सांगतलं होतं," काका म्हणाले. "बंद कोनं सांगतलं?"

मी पर्स उघडली आणि ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. आता मला सगळं दिसत होतं. लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारी रक्तदाबाची गोळी, त्यात मिठाचा कण नाही, वर तांबेच्या तांबे पाणी. रक्तातलं सोडियम पातळ झालं की पाणी पेशीत घुसतं, मेंदूतल्या पेशी फुगतात. बाहेर सोडियमच उरलं नाही तर कसली खबर आणि कसलं ग्लुटामेट. काकांनी चिठ्ठी वाचली, पाटीवर ११५ लिहिलं आणि रक्त घेतलं.

मशीननं ११४ सांगितलं. धडधाकट माणसाचं १३५च्या खाली उतरत नाही. काकांनी पाटी पुसली नाही. तीच नळी पुन्हा लावली. पुन्हा ११४.

इकडे दादा नाहीसा झाला होता. तो कोपऱ्यावरच्या किराण्यातून मिठाची किलोची पुडी घेऊन धापा टाकत आला आणि काकूंना ग्लास मागू लागला. काकांनी त्याच्या हातातली पुडी काढून घेतली. "येकदम नाई. महिनाभरात उतरलं थे तासाभरात चढवसान तं डोक्याले जास्त इजा होईन. हळूहळू चढवा लागते, अन् थे काम माह्यं नाई, तुह्यंबी नाई. प्रेम लय केलं बाप्पा तुमी. आता मापानं करा." मग दारातला पंप सोडून काका स्वतः आमच्यापुढे चालत इस्पितळात आले. कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि बाकावर बसून राहिले. त्या दिवशी लॅबच्या दारात म्हणे काकू उभ्या होत्या आणि तीनाला तीन सोडत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी आईला इस्पितळातलं वरण भरवत होते. एक घास खाऊन तिनं तोंड वाकडं केलं. "कोनं केलं हे? मिठाले कमी हाय." मी चमचा खाली ठेवला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, नावानं हाक मारली आणि म्हणाली, "तू काहून रडून राह्यली? अन् परवा मोठ्या मावशीच्या नातवाचं लगन होतं, आहेर कोन घेऊन गेलं?" दादाला मी बाहेरून बोलावून आणलं. आईनं त्याला त्याच्या लग्नाची तिथी सांगितली, वार सांगितला, आणि त्या दिवशी त्याची पगडी कोणी मागून आणली होती तेही सांगितलं. दादा खाटेच्या कडेला डोकं टेकवून लेकरासारखा रडला. मी इतकी हसले की नर्स बघायला आली.

पुण्याला परतण्याआधी काकांना भेटायला गेले. मला लाज वाटत होती. मी तसं म्हटलंही. काका पाटी पुसत होते. "तू पेशीच्या दारात बसून राह्यली बाई. घराच्या दारातून काय आत जाऊन राह्यलं, काय बाहेर, थे पाहाले कोनीतरी लागते. मलेबी समजलं नाई. काकूच्या दारानं आलं म्हनून समजलं." मशीनच्या वरच्या बाजूला त्यांनी माझी "मीठ" लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. ती पुढे कायम तिथेच राहिली. येणारे लोक विचारायचे की मशीनमध्ये मीठ भरतात का. काका म्हणायचे, "हो. मापानं."

त्यानंतर पाच वर्षं काकांनी दार सांभाळलं. आई दर महिन्याला रक्त तपासायला म्हणून जायची आणि काकूंजवळ दोन तास बसून यायची. गेल्या श्रावणात एका दुपारी काका जेवून खुर्चीत टेकले ते पुन्हा उठले नाहीत. टेबलावरच्या पाटीवर कोणाचा तरी आकडा लिहिलेला होता. मशीनचा आकडा शेजारी लिहायचा राहून गेला होता. नंतर तो काढला तेव्हा बरोबर निघाला.

तेरवीला मी आणि दादा अनसिंगहून पोचलो तेव्हा गल्लीत माणूस मावत नव्हता. आई आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. पुढच्या खोलीत, जिथं लॅब होती, तिथं पंगत बसवली होती. आणि दारात, काका उभे राहायचे त्याच जागी, माझी आई उभी होती. पदर खोचलेला, एक हात चौकटीला आडवा. "तीन बाहेर आल्याबिगर दोन आत नाई," ती सांगत होती. कोणी वाद घातला नाही. त्या गल्लीतल्या प्रत्येकानं त्या दारासमोर कधी ना कधी वाट पाहिली होती. आतून दोघं जेवून बाहेर आले. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले आणि स्वतःच थांबले. ते सरपंच होते. "मी अजून येकाची वाट पाहतो," असं म्हणून ते बाकावर बसले. लोक हसले, आणि हसता हसता बऱ्याच जणांनी डोळे पुसले.

माझा नंबर लावून मी रांगेत उभी राहिले. आईनं मला पाहिलं. "तू इथं कायले उभी? मांगच्या दारानं जाय. सुमनबाई तिथं येकल्या बसल्या हायेत." मी हलले नाही, तशी तिनं मान पुढे करून हळूच म्हटलं, "जाय ना बाई. गळतीबी पाहिजे."

मी गल्लीला वळसा घालून मागे गेले. दाराला आतून कडी होती. तेरा दिवसांत तिकडून कोणी आलंच नव्हतं. मी दार वाजवलं. बऱ्याच वेळानं काकूंनी उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा काढताना त्यांना माझ्यामागे एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी दिसली. काकू तिला म्हणाल्या, "ये वं, आत ये," आणि दार तसंच उघडं ठेवलं.